मुशीशी बघून कंटाळा येतोय? आधी त्याचा आवाज नीट ऐक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सगळे म्हणतात मुशीशी ही जपानी अ‍ॅनिमेशन सिरीज म्हणजे मास्टरपीस, म्हणून पाच एपिसोड बघून झाले, चित्रं भारी आहेत पण काही घडतच नाही, दर वेळी तो पांढऱ्या केसांचा गिन्को येतो, चार गोष्टी समजावून सांगतो आणि निघून जातो. शिवाय लोक याला डार्क म्हणतात, ते डार्क कुठंय? ताई, सोडून देऊ का?

एवढ्यात सोडू नकोस. मी साउंड एडिटर आहे, बरीच वर्षं अ‍ॅनिमेशन आणि माहितीपटांचं काम करतेय, नवीन मुलांना हे काम शिकवते पण, आणि शिकवताना मुशीशीचे तुकडे हमखास लावते, त्यामुळे माझं उत्तर कानाच्या बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगून ठेवते. पण मला खरंच असं वाटतं की ही सिरीज ज्यांना स्लो वाटते त्यातल्या बऱ्याच जणांनी ती नीट ऐकलेलीच नसते, मोबाइलच्या स्पीकरवर, डोक्यावर पंखा फिरतोय, समोर ताट आहे, अशी बघितलेली असते. तशी बघितली तर निम्मी सिरीज आपल्यापर्यंत पोचतच नाही आणि मग उरतं ते खरंच थोडं कंटाळवाणं आहे, त्यात तुझी चूक नाही.

आधी डार्कचं बोलू, कारण तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात इंटरेस्टिंग तेच वाटलं. पाच एपिसोडमधे तू काय काय बघितलंस ते जरा आठव. पहिला सोडून देऊ, तो हळवा आहे. दुसऱ्यात सुई नावाची लहान मुलगी अंधाऱ्या कोठारात बंद आहे कारण तिच्या डोळ्यांना उजेड सहन होत नाही, आणि शेवटाकडे कळतं की तिचे डोळे आतून खाल्ले गेलेत. लहान मुलीचे डोळे. तिसऱ्यात एक मुलगा आईच्या पाठोपाठ त्याच दुखण्याने मरायला लागलाय. चौथ्यात जिन नावाच्या माणसाला स्वप्नात दिसेल ते खरं होतं, गावाचा त्यात फायदा होतो, गाव त्याला मानतं, आणि मग एका स्वप्नानंतर अख्खं गाव संपतं, आणि त्याच्याही नंतर त्याला कळतं की आपली स्वप्नं भविष्य सांगत नव्हती, ती भविष्य घडवत होती, आणि गिन्कोला हे आधीपासून माहीत होतं पण त्यानं सांगितलेलं नव्हतं. पाचव्यात पूर आला म्हणून गावकऱ्यांनी एका जिवंत मुलीला पाण्याच्या देवाला देऊन टाकलंय.

हे सगळं बघून तू म्हणतोस डार्क कुठंय. मला यात तुला हसायचं नाहीये, उलट मला वाटतं तू अगदी प्रामाणिक रिअ‍ॅक्शन दिलीस. आपल्याला डार्क ओळखायची सवय कशी लागलीय बघ, रंग काळपट होतो, खाली एक सलग घुमणारा सूर सुरू होतो, व्हिलन येतो, कोणीतरी किंचाळतं, आणि मग आपल्याला कळतं की आता घाबरायचंय. मुशीशी यातलं जवळजवळ काहीच वापरत नाही. ऊन तसंच पडलेलं असतं, झाडं तशीच हिरवी, किडे तसेच ओरडत असतात, आणि त्यातच एखाद्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. सूचनेची पाटी लावलेली नाही म्हणून तुझ्या डोळ्यांसमोरून ते गेलं.

मागची माहिती पटकन सांगून टाकते. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, युकी उरुशिबारा यांची, १९९९ ते २००८ अशी चालली, १० खंड. अ‍ॅनिमे ऑक्टोबर २००५ मधे सुरू झाली, २६ एपिसोड, स्टुडिओ आर्टलँड, दिग्दर्शक हिरोशी नागाहामा. त्यांनी मूळ गोष्टी फार कमी बदलल्यात आणि २०१४ मधे दुसरा सीझन आला तोही त्यांनीच केला, म्हणून इतक्या वर्षांनंतरही सूर कुठे बदललेला वाटत नाही. काळ म्हणशील तर जुना जपान आणि आधुनिक व्हायला लागलेला जपान यांच्या मधला एक कल्पनेतला काळ आहे, सगळे किमोनोत आणि एकटा गिन्को शर्ट-पँटमधे, पाठीवर खूप सारे खण असलेली लाकडी पेटी, तोंडात सिगारेट. त्या सिगारेटच्या धुराने मुशी लांब राहतात, मुशी म्हणजे या गोष्टींतले ते साधे जीव ज्यांच्यामुळे माणसांना दुखणी लागतात आणि ज्यांच्यावर गिन्को उपाय करत फिरतो. त्याच्याकडे मुशी आपोआप ओढल्या जातात, म्हणून तो एका गावात फार दिवस राहूच शकत नाही. तू म्हणतोस ना की तो येतो, बोलतो आणि जातो, तर ते निघून जाणं त्याच्या मर्जीचं नाहीये, थांबला तर त्याच गावाला त्रास होईल.

आता मुशी. इथे आपण मराठी माणसं हमखास एक गडबड करतो, मुशी म्हटलं की आपण त्याला भूत समजून बघायला लागतो. आपल्याकडच्या मुंजा, हडळ, वेताळ यांना काहीतरी हवं असतं, कुणाची इच्छा अपुरी राहिलेली असते, कुणाचा राग असतो, म्हणून उतारा टाकता येतो, नारळ ठेवता येतो, समजूत घालता येते. मुशीला काहीच नको असतं. ती झाड नाही, प्राणी नाही, जीवनाच्या अगदी मुळाशी असलेली काहीतरी साधी वस्तू आहे, ती फक्त जगते, आणि तिच्या जगण्याच्या वाटेत माणूस आला तर माणसाचं नुकसान होतं. समजूत कुणाची घालणार? शाप कुणी दिला, कुणाचा बदला पूर्ण व्हायचाय, असले प्रश्नच लागू होत नाहीत. पहिले काही एपिसोड आपण नकळत गुन्हेगार शोधत बसतो आणि तो सापडत नाही म्हणून वाटतं काही घडलंच नाही.

याचा सगळ्यात कठीण नमुना २१व्या एपिसोडमधे आहे. एका जोडप्याला मूल होतं आणि जन्माला येतं ते मूल नसतंच, एक हिरवट द्रव येतो आणि जमिनीखाली निघून जातो. नंतर तो त्यांच्याकडे मुलं पाठवतो, एकापाठोपाठ एक, सगळ्यांचा चेहरा सारखा. आईला कळतं ही माझी मुलं नाहीत, आणि तरी ती त्यांना भरवते, अंगावर घेते, झोपवते. गिन्को सांगतो की अंगावर हिरवे डाग आले की मारून टाकावं लागेल. शेवटी त्या मुलांपैकी एक जण बोलायला शिकतो आणि विचारतो की आम्ही काय वाईट केलं. आणि गिन्को त्याला खोटं काही सांगत नाही, म्हणतो तुम्ही काही वाईट केलेलं नाही, प्रत्येक जण आपापलं जगणं जगतोय, वाईट कुणीच नाही. मी तो सीन वर्गात दाखवते तेव्हा मुलं आधी गिन्कोवर चिडतात, मग आईवर, मग बापावर, आणि मग गप्प होतात कारण चिडायला कोणी उरतच नाही. मला विचारशील तर खरं डार्क ते हे. राक्षस दाखवला की आपली सुटका होते, मारला की संपलं. इथे ती सुटका काढून घेतलीय.

आता स्लोचं. माझ्या कामात आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते म्हणजे शांतता रिकामी नसते. समजा एखाद्या सीनमधे कोणी बोलत नाहीये म्हणून मी सगळे ट्रॅक शून्यावर आणले तर प्रेक्षकाला शांत नाही वाटत, त्याला वाटतं स्पीकर बिघडला. म्हणून शांतता बनवावी लागते, तिच्यात खोलीचा आवाज भरावा लागतो, लांबचा वारा, कुठेतरी थेंब पडतोय असं काहीतरी. रात्री अचानक लाइट जाते आणि फ्रीजची घरघर बंद पडते तेव्हाच आपल्याला कळतं की इतका वेळ ती चालू होती, तसं हे काम आहे, झालेलं कळत नाही पण काढून घेतलं की लगेच कळतं. मुशीशीमधे प्रत्येक गावाची शांतता वेगळी आहे. डोंगरातली, समुद्राकाठची, बंद घरातली. तोशिओ मासुदा यांचं संगीत सुंदर आहे, घंटेसारखे मोकळे सूर, पण ते जपून वापरलंय, आणि जिथे इतर सिरीजमधे म्युझिक तुला रडायला सांगेल तिथे इथे बऱ्याचदा फक्त पाणी वाहत असतं आणि तुझं तू ठरवायचं असतं.

तू बघितलेल्या तिसऱ्याच एपिसोडवर परत जा, हेडफोन लावून. दाट बर्फातलं गाव, बर्फाच्या रात्री आवाजच नाहीसे होतात. काही लोकांना एका कानाने ऐकू येईनासं झालंय, कारण गोगलगायीसारख्या मुशी कानात शिरून आवाज खातायत. त्याच्यावर उपाय सोपा, मिठाचं पाणी कानात घातलं की झालं. पण माहो नावाच्या मुलाचं वेगळंय, त्याच्या कपाळावर शिंगं उगवलीत आणि त्याला कमी नाही, उलट नको नको ते सगळं ऐकू येतंय, कारण त्याला जी मुशी लागलीय ती आवाज खात नाही, शांतता खाते. त्याच्या आईला हेच झालं होतं आणि ती त्यातच गेली. तिची आठवण म्हणून त्याच्याकडे काय आहे, तर कानांवर हात ठेवले की जी घरघर ऐकू येते ती. आई त्याला लाव्हाचा आवाज म्हणायची.

आता वाचता वाचता एक कर, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धर. खोल, सलग गडगड येतेय ना? ती तुझ्याच हाताच्या स्नायूंची आहे. स्नायू ताणलेला असला की त्याचे तंतू सतत थरथरत असतात, साधारण २० ते २५ हर्ट्झला, म्हणजे माणसाला ऐकू येतं त्याच्या अगदी तळाशी. माहो वाचतो तो याच आवाजामुळे, जिवंत शरीराचा आवाज त्या मुशीला सोसत नाही. आई मेलेली आहे आणि तिने दिलेला उपाय मुलाच्या स्वतःच्या हातात होता, तो त्याला फक्त घरघर म्हणून माहीत होता. मला सांग, हे २४ मिनिटांत मारामारी न करता, कुणालाही भाषण न देता सांगून दाखवणं याला काही घडलं नाही म्हणायचं का? पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून असले खालचे आवाज येतच नाहीत, आणि बर्फाच्या रात्री आवाज हळूहळू पातळ होत जातात ते पंख्याखाली कळणार कसं. तुझ्यासाठी तो एपिसोड म्हणजे एक मुलगा कानांवर हात ठेवून बसलाय एवढाच झाला असणार.

चित्रांबद्दल थोडंसंच सांगते, तो माझा विषय नाही. टीव्हीच्या अ‍ॅनिमेमधे सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक ड्रॉइंग दोन किंवा तीन फ्रेम धरलं जातं, खर्च वाचतो. लोकांना वाटतं स्थिर शॉट म्हणजे अजूनच स्वस्त. पण पाच सेकंद एकाच जंगलाकडे बघायला लावायचं तर ते जंगल पाच सेकंद बघण्यासारखं रंगवावं लागतं, त्यात लपायला जागा नसते. बॅकग्राऊंडचं जे काम इथे झालंय ते म्हणून इतकं भारी आहे. पात्रांचे चेहरे मात्र बरेचसे एकमेकांसारखे दिसतात ही तक्रार मी पुष्कळदा ऐकलीय आणि ती खोटी नाही, सुरुवातीला गोंधळ होतो.

आणि हो, पेस बद्दल अजून एक. बहुतेक एपिसोडमधे दुखणं काय आहे ते तुला लवकर कळतं, उपायही पुष्कळदा अर्ध्याच्या पुढेमागे सापडतो. नवीन माणूस म्हणतो मग उरलेला वेळ काय करतायत. उरलेल्या वेळात त्या माणसाला आता पुढे जगायचंय ते दाखवतायत. सहाव्या एपिसोडमधे हे फार स्पष्ट दिसतं, आजच बघ तो. एक बेट, तिथे आकोया नावाची मुलगी जिवंत देव म्हणून पूजली जाते. तिच्यात एक मुशी आहे जिच्यामुळे ती रोज सकाळी जन्मल्यासारखी ताजी होते आणि संध्याकाळपर्यंत म्हातारी होऊन मरते, दुसऱ्या दिवशी परत. एका दिवसात एक आयुष्य. तिचा बाप या सगळ्याचा धंदा करतोय. गिन्को तिला बरी करतो, इथपर्यंत नेहमीची गोष्ट. पण बरी झालेली आकोया घाबरून जाते, कारण आता उद्या आहे, परवा आहे, आणि त्याच्या पुढेही नुसते दिवसच दिवस आहेत, आणि आधी प्रत्येक दिवशी प्रत्येक गोष्ट तिच्यासाठी पहिल्यांदाच घडत होती. तिला ते परत हवंय. डॉक्टरने पेशंटला वाचवलं आणि पेशंट म्हणतोय मला माझं मरण परत दे. या भागाची गोष्ट वेळेबद्दल आहे आणि ती फास्ट सांगता येत नाही, तुला तो लांबलेला वेळ अंगावर यायलाच हवा, तरच ती का घाबरली ते कळेल.

नववा पण बघ. दुष्काळ, आणि एका गावात मात्र पीक आलंय, कारण तिथे एक बी पेरलंय ज्याने भरघोस पीक येतं आणि बदल्यात हंगाम संपताना गावातला एक जीव जातो. गावच्या पुजाऱ्याला हे माहीत आहे. मागच्या दुष्काळात त्यानेच ते पेरलं होतं आणि जीव गेला तो त्याच्या बायकोचा. आता परत दुष्काळ आहे, परत ते बी त्याच्या हातात आहे, आणि गावात मुलं उपाशी आहेत. तू काय करशील? मी हा एपिसोड खूप वेळा बघितलाय आणि मला अजून उत्तर देता आलेलं नाही, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. शेतीवर, पावसावर जगणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला तो जास्त लागतो असं मला माझ्या विद्यार्थ्यांकडे बघून वाटतं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. १२वा एपिसोड गिन्कोच्या लहानपणाचा आहे. तिथे तो गिन्को नाही, योकी नावाचा पोरगा आहे, आई दरड कोसळून गेलीय, आणि त्याला नुई नावाची बाई सांभाळते. तिचे केस पांढरे, एक डोळा हिरवा. ती एका तळ्याजवळ राहते, त्या तळ्यात एक अंधार आहे ज्याने तिचा नवरा आणि मूल गिळलंय, आणि ती तिथून हलत नाही. पुढे काय होतं ते मी पूर्ण सांगत नाही, एवढंच सांगते की योकी त्या अंधारातून बाहेर येतो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेत, एक डोळा गेलाय, आणि त्याला काहीही आठवत नाही. स्वतःचं नाव नाही, नुई नाही. अंधारात जो शब्द कानावर राहिला होता तो तो स्वतःला नाव म्हणून घेतो. म्हणजे आपल्याला माहीत असतं की हा माणूस असा का दिसतो, कुणासारखा दिसतो, आणि त्याला स्वतःला ते कधीच माहीत नसतं.

एपिसोडच्या सुरुवातीला आणि शेवटी एक बाईचा आवाज निवेदन करतो, शांत, थोडा लांबून बोलल्यासारखा, पाच एपिसोडमधे तूही तो ऐकला असशील. तो आवाज मिका दोई यांचा आहे. आणि नुईचा आवाजही मिका दोई यांचाच आहे. ज्या बाईला गिन्को पार विसरून गेलाय तिच्याच आवाजात गिन्कोचा पुढचा सगळा प्रवास आपल्याला सांगितला जातोय. सिरीजमधे कुठेही कुणी हे बोलून दाखवत नाही. मला हे कळलं तेव्हा मी परत पहिल्या एपिसोडपासून ऐकायला बसले होते, नुसतं निवेदन ऐकायला. आणि त्यानंतर मला ही सिरीज तुकड्या-तुकड्यांची कधी वाटलीच नाही, दर वेळी नवं गाव आणि नवी माणसं असली तरी कोणीतरी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे असं वाटत राहतं.

म्हणूनच माझा आग्रह जपानी आवाजात बघायचा, खाली इंग्लिश सबटायटल्स ठेवून. इंग्लिश डब वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण जपानी आवाजात गिन्को झालेले युतो नाकानो ज्या पद्धतीने वाक्याच्या मधे थांबतात, थोडं थकल्यासारखं, कुणावर इंप्रेशन मारायचं नाही अशा आवाजात बोलतात, त्यात अर्धा गिन्को आहे.

बघायचं कसं तर साधं आहे. रात्री एक एपिसोड, फार तर दोन. बिंज करू नकोस, चार लागोपाठ बघितलेस की पाचव्याला नक्की सगळं सारखंच वाटणार, ते वाटायलाच पाहिजे कारण प्रत्येक गोष्ट मुरायला वेळ मागते. दीडपट स्पीड तर अजिबात नको, मी वर जे काय लिहिलं ते सगळं त्या स्पीडने मरतं. आणि शेवटची नावं येतात ती स्किप करू नकोस. इतर सिरीजमधे एंडिंग साँग एकच असतं म्हणून आपण स्किप करतो, इथे प्रत्येक एपिसोडला मासुदांनी वेगळी धून दिलीय आणि ती त्या गोष्टीचाच शेवटचा भाग आहे. ओटीटीवाले लगेच पुढचा एपिसोड लावतात तो ऑटोप्ले बंद कर आधी. सुरुवातीचं गाणंही ऐक कधीतरी पूर्ण, अ‍ॅली कर या स्कॉटिश गायकाचं आहे, गिटार आणि साधा आवाज, पडद्यावर हिरवी पानं आणि त्यांच्यातून येणारा उजेड, दीड मिनिटात तुझा दिवसभराचा स्पीड खाली आणून ठेवतं.

क्रम पाळायची गरज नाही, गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. पाच झालेत तर आता सहा, मग नऊ, मग बारा. बारानंतर २० बघ, तानयू नावाच्या मुलीचा, तिच्या पायात एक भयानक मुशी बंद करून ठेवलीय आणि ती मुशींच्या गोष्टी लिहून लिहून तिला थोडी थोडी बाहेर काढते, प्रत्येक वेळी वेदना सोसून. त्यात एक सीन आहे, अक्षरं कागदावरून सुटून भिंतीवर पळतात आणि ती चॉपस्टिक्सने एकेक अक्षर पकडून परत कागदावर आणून ठेवते. बघताना मजा येते आणि त्याच वेळी कळतं की हे काम ती जन्मभर करणार आहे. तिला मुशी मारल्याच्या गोष्टी लिहायचा कंटाळा आलाय, आणि गिन्कोच्या गोष्टी तिला आवडतात कारण त्यात दर वेळी मारणं नसतं. आठवा एपिसोड मला स्वतःला जरा सैल वाटतो, तो मागे ठेवलास तरी चालेल.

२३वा मात्र माझ्यासाठी लक्ष देऊन ऐक. शिगे नावाची मुलगी, तिच्या आवाजात एक घोगरेपणा आहे, आणि त्या आवाजाकडे गंजासारखी एक मुशी ओढली जाते. गावातल्या लोकांच्या अंगावर गंज चढतो, हातपाय आखडतात. मुलीच्या लक्षात येतं की हे आपल्यामुळे होतंय आणि ती बोलणंच बंद करते. वर्षानुवर्षं. कुणाला सांगताही येत नाही, कारण सांगायला बोलावं लागेल. त्या एपिसोडमधे तिची शांतता आणि गावाची शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मिक्सिंगमधे त्या वेगळ्या ठेवल्यात, ते ऐकू आलं की समजायचं तुझा कान बसला. शेवटी ती कुठे जाऊन आवाज काढते ते मी सांगणार नाही.

दुसरा सीझन त्यानंतर, घाई नाही, दर्जा कुठे उतरत नाही. आणि एक जपून, २१वा एपिसोड एकट्याने रात्री लावू नकोस. घरात कुणाचं बाळ नुकतंच गेलं असेल किंवा कुणी त्या दुःखातून जात असेल तर त्यांना तो दाखवूच नकोस, सिरीज कितीही आवडली तरी. तो सोडून बाकीचे २५ बघितले तरी काही बिघडत नाही.